मोटारीलाही ऊन लागते

या जगात उन्हाचा त्रास होत नाही अशी एकही वस्तू देवाने निर्माण केलेली नाही, असे मानणारा आणि त्या मताला जागून वागणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो आमच्या जव्हारात, आमच्याच आळीच्या टोकाला राहत असे. गाव त्यांना मिस्त्री म्हणे. मी लहानपणापासून चाचा म्हणत आले. बैलगाड्या बांधणे हा त्यांच्या घराण्याचा धंदा. उन्हाळ्यात गाडीच्या चाकाचे लाकूड सुकून आकसते, त्यावरची लोखंडी धाव सैल होते आणि चाक खुळखुळू लागते. म्हणून आमच्याकडे चाके काढून डबक्यात भिजत ठेवतात. एवढ्या एका खऱ्या गोष्टीवर चाचांनी आपले सगळे तत्त्वज्ञान उभे केले होते. चाकाला ऊन लागते, तर मग घड्याळाला का लागू नये? चैत्र सुरू झाला की त्यांच्या दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळावर ओले फडके चढे. फडक्याखाली ते घड्याळ दिवसेंदिवस मागे पडत जाई, आणि कुणी तसे बोलून दाखवले की चाचा म्हणत, "एवढ्या उन्हात घाईघाईनं चालायचं त्याला काय नडलंय?" कुलपे माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली असत, त्यामुळे ती गंजत, आणि सकाळी दुकान उघडताना किल्लीपेक्षा हातोडाच अधिक उपयोगी पडे. स्वतःच्या टोपीखाली ते कांदा ठेवीत. गिऱ्हाइकालाही कांदा दिल्याशिवाय जाऊ देत नसत, आणि गावात कुणाच्या खिशाला फुगवटा दिसला की लोक ओळखत, हा मिस्त्रींकडून आला.

मी मुंबईला मिशनच्या शाळेत राहत असे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येत असे. घरी मी फार बोलत नसे, शाळेतही नसे. पण चाचांना माझ्या न बोलण्याचे कारण ठाऊक होते, निदान त्यांना तसे वाटे. माझ्या बुटांकडे आणि पायमोज्यांकडे बघून ते दरवर्षी एकच प्रश्न विचारीत, "पायात एवढी गरमी कोंडून ठेवल्यावर पोरगी बोलणार कशी?" इंग्रजी ही त्यांच्या मते सगळ्यांत गरम भाषा होती. त्यांनी ती साहेब लोकांच्या तोंडून ऐकली होती, आणि ती बोलताना साहेबांचे कान लाल होतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून कुणी मला इंग्रजी कागद वाचायला सांगितला की चाचा आधी सब्जाचे सरबत मागवीत. वाचून झाले की पेला पुढे करून म्हणत, "घे बेटी. लगेच घे. जिभेवर राहू देऊ नकोस." मी पीत असे. त्यांच्यासमोर का कोण जाणे, मला संकोच वाटत नसे.

अशा माणसाने मोटार घ्यावी, याचे गावाला फार नवल वाटले. राजेसाहेबांच्या मोटारी सोडल्या तर संस्थानात तेव्हा मोटार दिसणे म्हणजे पोरांना शाळा सोडून पळत सुटण्याइतका मोठा प्रसंग होता. चाचांनी लाकडाची वखार विकली आणि नाशिककडच्या कुणा व्यापाऱ्याने जीव नकोसा होऊन काढून टाकलेली एक मोटार आणली. तिच्या मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने सागाची बाके बसवली, वर ताडपत्री ताणली, आणि मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी ती जव्हारहून मोखाड्याला नेऊ लागले. त्यांचे म्हणणे, मोटार हे जनावर आहे, फक्त ते ओरडते पुढून आणि लाथ मारते हँडलातून. चढ आला की मोटारीला धाप लागू नये म्हणून ते उतारूंना खाली उतरवीत. उतार आला की तिने उधळू नये म्हणून पुन्हा उतरवीत. सपाट रस्ता आमच्याकडे फारसा नाही. त्यामुळे ज्याला मोखाड्याला पायी जायचे असेल त्याने मिस्त्रींच्या मोटारीचे तिकीट काढावे, असे गावात म्हणत. तरी लोक तिकीट काढीत, कारण गाठोडी तरी मोटारीतून जात, आणि वाटेत चाचा मोटारीशी जे बोलत ते ऐकायला मिळे.

विम्याची गोष्टही अशीच. मुंबईहून विमा कंपनीचा एक एजंट कचेरीत कुणाला तरी भेटायला आला होता. तिथे काम झाले नाही, म्हणून तो बाहेर चाचांच्या दुकानासमोर सावलीत टेकला आणि कांदा, सरबत व ओले फडके या तिन्ही गोष्टी अंगावर घेतल्यानंतर त्याने उपकाराच्या भावनेने त्यांना विमा विकला. चाचांना त्यात पैशांचे काही वाटले नाही. त्यांना दुसरेच काही आवडले होते. "मुंबईत बसलेला माणूस, ना ओळख ना देख, माझ्या मोटारीची काळजी करतो. सांग बेटी, तुझ्या शाळेतले साहेब असे असतात?" विम्याचा कागद ते मोटारीतच बाकाखाली ठेवीत. माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणते, संस्थानच्या कचेरीत होते आणि त्यांना कागदपत्रांची शिस्त फार. तो कागद घरी पेटीत ठेवा असे त्यांनी चाचांना पुष्कळदा बजावले. चाचांचे उत्तर ठरलेले. "विमा मोटारीचा आहे ना दादासाहेब? मग तिचा कागद तिच्याजवळ नको?"

तो कागद मोटारीबरोबरच जळाला.

हे कसे घडले ते मी चाचांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की आपण तिथे होतो असे मला वाटते. वैशाखातला बाजाराचा दिवस. वाटेतल्या पोशेऱ्याच्या चढावर मोटारीच्या टाकीतले पाणी उकळून संपले. उतारूंनी सवयीप्रमाणे आपापली गाठोडी उचलली आणि ते मोखाड्याच्या वाटेला लागले. चाचांनी मोटार ढकलत रस्त्यालगतच्या एका शेताच्या सपाट कोपऱ्यात नेली. पाण्याला जायचे तर मोटारीला उन्हात एकटी टाकून जावे लागणार, आणि सावली तर कुठेच नव्हती, कारण त्या दिवसांत आमच्या डोंगरात झाडांना फांद्याच नसतात. भाताचे आणि नागलीचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर आधी शेण पसरतात, त्यावर टाहाळ, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या पालेदार फांद्या, त्यावर पाने आणि गवत, आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून वर माती. मग ते सगळे पेटवून देतात. याला राब म्हणतात. राब भाजला की जमीन मऊ होते, तण मरते, रोप जोरात येते. म्हणजे सावली होती, पण ती झाडांवरून उतरवून शेताच्या कडेला रचून ठेवलेली होती.

चाचांनी तीच वापरायची ठरवली. रबराची चाके उन्हाने फुगून फुटू नयेत म्हणून त्यांनी आधी शेतातल्या ढिगातले शेण पाण्याच्या उरल्यासुरल्या थेंबांत कालवून चाकांना आणि मोटारीच्या पायऱ्यांना थापले. मग टाहाळाचे भारे उचलून मोटारीवर रचले. मधल्या फटींतून ऊन येते असे दिसले म्हणून वरून गवत पसरले. गवत वाऱ्याने उडायला लागले, म्हणून त्यावर ओंजळी ओंजळीने माती टाकली. दुरून मोटार मुळीच दिसत नाही याची मागे सरून खात्री करून घेतली, आणि समाधानाने पत्र्याचा डबा घेऊन ते शेजारच्या घरी पाणी मागायला गेले. घरात एक म्हातारी होती. तिच्याकडे पिण्याइतकेच पाणी होते. ते तिने यांना दिले, वर नागलीची भाकरी आणि तिखटाची चटणी दिली, आणि खालच्या ओढ्यातला झिरा दाखवला. वैशाखात झिऱ्याला पाणी येते ते घाम आल्यासारखे. खड्ड्याशी बसायचे, करवंटीभर साठले की डब्यात ओतायचे, पुन्हा बसायचे. चाचा बसले.

म्हातारीचा मुलगा त्या दिवशी बाजाराला गेला होता. जाताना तो आईला सांगून गेला होता की रस्त्याकडच्या कोपऱ्यातला राब मी रचतो, तू भाजून घे. रचायचे त्याच्याकडून राहून गेले आणि तो तसाच निघून गेला, हे नंतर कळले. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती काठी टेकत शेतात आली. कोपऱ्यात राब रचलेला होता. हात लावून पाहिले: खाली शेण, वर टाहाळ, वर गवत, वर माती. मुलाने या खेपेला आळस केला नाही, चांगला उंच रचला, याचे तिला बरे वाटले. राब वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवावा म्हणजे सावकाश जळतो. तिने तसाच पेटवला, आणि आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून राखण करीत बसली. थोड्या वेळाने राब फुटला. पहिल्यांदा चाके फुटली, मग पेट्रोल. म्हातारीला वाटले वाघदेव कोपला, आणि ती तिथेच आडवी झाली.

चाचा आवाज ऐकून अर्धवट भरलेला डबा घेऊन धावत वर आले. समोर त्यांची वखार, सागाची बाके आणि विम्याचा कागद जळत होता. सबंध दुपार बसून जमवलेले ते पाणी त्यांनी म्हातारीच्या डोक्यावर ओतले.

"मोटारीवर नाही ओतलंत?" असे दादांनी त्यांना नंतर विचारले.

"म्हातारीला गरमी चढली होती दादासाहेब," चाचा म्हणाले. "मोटारीचं काय, तिचं होऊन गेलं होतं."

पुढे जे सुरू झाले त्याला दादा 'मिस्त्रींची लढाई' म्हणत. कंपनीला पत्र गेले. चाचा सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे, आणि सरबताचे पेले रिकामे होत. कंपनीचे उत्तर आले की तापलेल्या इंजिनावर वाळलेला पाला रचल्यास ते पेट घेणारच. हा मालकाचा निष्काळजीपणा असून त्याबद्दल भरपाई देता येत नाही. हे वाचून दाखवल्यावर चाचा जेवढे दुखावले तेवढे मोटार जळाल्यावरही दुखावले नव्हते. "माझी मोटार आपणहून पेटेल? तिला मी लहान लेकरासारखी झाकली होती! लिही, बेटी, ती थंड होती. हात लावून बघितलं होतं मी." मी तसे लिहिले. मग आग कुणी लावली, असे कंपनीने विचारले. "लिही, उन्हानं." ऊन ही व्यक्ती नाही, असे उत्तर आले. तेव्हा चाचांनी मला विचारले की मुंबईत ऊन नसते का, आणि असेल तर त्या बिचाऱ्या साहेबाने ते कधी पाहिले असेल का. ते वाक्यही त्यांनी पत्रात घालायला लावले. त्याचा परिणाम म्हणून असेल, पण कंपनीने प्रत्यक्ष पाहणीसाठी आपला एक साहेब जव्हारला पाठवला.

साहेब तरुण होता, केस पिवळे, आणि जव्हारला पोचेपर्यंत बाकी सगळा लाल. दादांच्या धमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, आम्ही पोशेऱ्याला निघालो. दुभाषी म्हणून मला बरोबर घेतले होते. परक्या पुरुषाशी बोलायचे या कल्पनेने मी रात्री झोपले नव्हते, पण निम्म्या वाटेतच साहेब बोलण्याच्या स्थितीत राहिला नाही. त्याला ऊन लागले. चाचांचे डोळे चमकले. आयुष्यभर ज्याची वाट पाहावी असा रोगी त्यांना मिळाला होता. त्यांनी साहेबाचे बूट काढले, तळपायांना कांद्याचा रस चोळला, गळ्याभोवती ओले फडके गुंडाळले, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याच्या टोपीत एक कांदा ठेवून ती पुन्हा त्याच्या डोक्यावर बसवली. साहेबाने माझ्याकडे पाहून क्षीण आवाजात विचारले, हा माणूस काय करतो आहे? मी म्हटले, तो मोटारींची काळजी घेतो. याहून चांगले उत्तर मला तेव्हा सुचले नाही.

पोशेऱ्याला शेताच्या कोपऱ्यात मोटारीचा सांगाडा होता. साहेब कांद्याच्या वासासकट उठून बसला, सांगाड्याभोवती फिरला, राखेत काठी खुपसून पाहिली. म्हातारी दाराआड उभी होती. साहेब म्हणजे ठाणे, ठाणे म्हणजे बेड्या, असे तिला कुणीतरी सांगितले होते, आणि तिने दाराची कडी घट्ट धरली होती. चाचा तिच्याजवळ गेले.

"घाबरू नकोस, माय. हा पकडायला नाही आला. मोटार जळाली की नाही, एवढं बघायला आलाय."

"जळली त. तूच बघ ना, मिस्तरी. सगळी जळली."

"हां, तेच. जळली असेल तर कंपनी नवी देते. तशी रीत आहे त्यांची."

म्हातारीने कडी सोडली. "नवी देते?"

"एकदम कोरी."

"अरं, मंग बरंच झालं की!" असे म्हणून ती दारातून बाहेर आली आणि साहेबाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. साहेबाने मला विचारायला सांगितले, आग कुणी लावली? मी विचारले. माझा आवाज इतका बारीक होता की दोनदा विचारावे लागले.

"मी," म्हातारी म्हणाली. "माझं शेत, माझा राब, माझ्या हातानं भाजला. वाऱ्याच्या अंगानं नाय, उलटा पेटवला. पोराला विचार."

"मोटार जाळायची होती का तुला, असं विचार," साहेब म्हणाला.

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "मोटार कशाला भाजू, बाय? मोटार भाजून काय पिकंल?"

हे इंग्रजीत सांगायला मला बराच वेळ लागला. राबाला शब्दच नव्हता; शेण, टाहाळ, पाने, माती असे एकेक सांगत मी मोटारीपर्यंत आले, आणि साहेबाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्याने एकदा सांगाड्याकडे, एकदा चाचांकडे पाहिले आणि तोंडावर रुमाल धरला. तो हसत होता की नाही ते मला दिसले नाही.

परत जव्हारला आल्यावर आमच्या ओटीवर बसून साहेबाने सरळ गोष्ट सांगितली. मालकाने स्वतः पाला रचला असे धरले तर काही मिळणार नाही. कुणी बुद्ध्या आग लावली असे धरले तर भरपाई मिळेल, पण मग त्या माणसाविरुद्ध फौजदाराकडे फिर्याद द्यावी लागेल. म्हणजे त्या म्हातारीविरुद्ध. चाचांनी नुसती नकारार्थी मान हलवली. हे तर बोलण्याच्या पलीकडचे होते. साहेबाने आपली बॅग उघडली. तो माणूस वाईट नव्हता. त्याने एक कागद काढला, त्यावर काही लिहिले, आणि माझ्या हातात देऊन चाचांना समजावून सांगायला सांगितले. त्यात लिहिले होते की कुणा अज्ञात इसमाने मोटारीस आग लावली. एवढ्यावर सही झाली की फिर्यादीची गरज नाही; कंपनी पैसे देईल; बाकीचे साहेब बघून घेईल.

"अज्ञात म्हणजे?" चाचांनी विचारले.

"म्हणजे अनोळखी," मी म्हटले. "कोण होता ते माहीत नाही, असा माणूस."

"पण मला माहीत आहे."

"मिस्त्री, ते सगळ्यांनाच माहीत आहे," दादा म्हणाले. "साहेबालाही माहीत आहे. म्हणून तर त्यानं तसं लिहिलंय. ना म्हातारीचं नाव, ना गावाचं. कुणाचं काही बिघडत नाही. करा सही आणि मोकळे व्हा."

चाचांनी टोपी काढली, आतला कांदा बाहेर काढून ओटीवर ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना तसे करताना पाहिले नव्हते.

"दादासाहेब, त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. तिनं भाकरी दिली. घरातलं प्यायचं पाणी दिलं, स्वतःला ठेवलं नाही. मोटार पेटली तेव्हा ती भाकरी माझ्या पोटात होती. आणि मी लिहून देऊ की मी हिला ओळखत नाही?"

"अहो, तिला कुठं कळणार आहे?"

"तिला नाही कळणार."

"मग?"

"पोटाला कळेल ना."

दादा चिडले. वखार गेली, मोटार गेली, एका शब्दासाठी आता उरलेलेही घालवता, असे पुष्कळ बोलले. चाचा ऐकत राहिले. ते अगदी साधेपणाने, जणू काही हिशोबातली चूक दाखवावी तसे, पुन्हा म्हणाले, "अनोळखी असती तर केली असती सही." साहेबाने मला विचारले, काय चालले आहे? मी सांगितले. भाकरीचे सांगितले, पोटाचे सांगितले. त्याने कागद परत घेतला, घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवला. जाताना म्हणाला, त्यांना सांगा, मी प्रयत्न केला. चाचा म्हणाले, "त्याला सांग, टोपीतला कांदा रोज बदलायचा. शिळा झाला की उलट गरमी करतो."

मोटारीची भरपाई आली नाही. चाचांनी त्यानंतरही कंपनीला पत्रे पाठवली. त्यांतली पहिली ओळ नेहमी साहेबाच्या प्रकृतीबद्दल असे, आणि शेवटची अशी, की आग लागली हे खरे, म्हातारीने लावली हे खरे, आणि म्हातारीने लावली नाही हेही खरे. तरी कंपनीने विचार करावा. मी ते जसेच्या तसे इंग्रजीत लिहीत असे. शाळेत असा निबंध लिहिला असता तर मला वर्गाबाहेर उभे केले असते. पण लिहिता लिहिता मला कधी कधी वाटे की तीनही गोष्टी खरोखरच खऱ्या आहेत, आणि यांतली एक कापून टाकल्याशिवाय कंपनीला दुसरी मान्य करता येत नाही, ही अडचण कंपनीची आहे, चाचांची नव्हे. हळूहळू उत्तरे येणे थांबले. चाचांनी आपली जुनी सुतारकामाची हत्यारे, किकरे आणि वाकस, बाहेर काढली आणि दुसऱ्यांच्या लाकडावर दुसऱ्यांच्या गाड्या बांधायला सुरुवात केली. मोखाड्याच्या बाजाराला ते आता बैलगाडीने जात. उतारू तेच होते. ते म्हणत, बैलगाडी चढावरही उतरवत नाही, तेव्हा एकंदरीत सुधारणाच झाली.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर एकदा मोखाड्याला गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. मला पोशेऱ्याचे ते शेत पुन्हा बघायचे होते. राब भाजून झाले होते. डोंगरउतारावर जिथे पाहावे तिथे काळे चौकोन. म्हातारीच्या शेतातही काळा तुकडा होता, पण रस्त्याकडचा कोपरा कोरा होता. तिथे शेण नाही, टाहाळ नाही, राख नाही. नुसती तांबडी माती. गाडीची चाहूल लागताच म्हातारी काठी टेकत बांधापर्यंत आली.

"आली का रं मोटार, मिस्तरी?"

"निघाली, माय. बोटीत बसली आहे. विलायत लांब."

"येऊ दे सावकाश. तिची जागा ठेवलीय मी. पोरगा वरडतो, एवढं रोप बुडतं म्हनून. म्हटलं, वरडू दे. यंदा नाय भाजला तिथं. गेल्या साली बी नाय."

"बरं केलंस," चाचा म्हणाले.

गाडी पुढे निघाली. त्या कोपऱ्यातल्या रोपावर त्या घराचे किती दिवसांचे जेवण होत असेल, असे माझ्या मनात आले. मी चाचांना विचारले, तुम्ही तिला खरे का सांगून टाकत नाही? त्यांनी कासरा सैल सोडला.

"सांगितलं, की मोटार यायची नाही, तर ती विचारील, का नाही येणार. मग काय सांगू, बेटी?"

वळणाच्या आधी मी मागे पाहिले. म्हातारी परत घरी गेली नव्हती. त्या कोऱ्या कोपऱ्यात ती खाली बसली होती आणि मोटारीच्या चाकांना टोचू नयेत म्हणून मातीतले खडे चाचपून चाचपून वेचीत होती.